देवी उठली त्या दिवशी

पडून राहा, असं सांगणाऱ्याचं काही जात नाही. सांगणारा उभा असतो. ज्याला सांगितलं त्याची पाठ, कंबर, लाज आणि डोकं, सगळंच अंथरुणाला लागतं. मी एका वर्षी श्रावणापासून नवरात्रापर्यंत पडून होते आणि त्यानंतर सोलापूरच्या दवाखान्यात पुन्हा पडून होते. परवा आमच्या गल्लीतल्या एका सुनेला नर्सबाईंनी तेच सांगितलं. ती पोर मला विचारायला आली, काकू, तुम्ही कसं काढलंत म्हणून. तिला तोंडानं सांगताना मी बरंच काही गिळलं. ते इथं लिहिते आहे. त्यानंतर झालेला माझा मुलगा पदर ओढतोय, भूक लागली म्हणतोय, तरी लिहिते आहे. वाचून भीती वाटली तर वाटू द्या. मलाही वाटली होती, आणि ती वाटायलाच हवी होती.

मी भूमची. वडील तिथं शाळेत मास्तर होते. सासर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं घर. सासरे आणि थोरले भावजी देवीच्या पूजेच्या पाळीवर, माझे यजमान तहसील कचेरीत कारकून. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी कचेरीतली जुनी माणसं अजून अर्जाला दरख्वास्त आणि फायलीला मिसल असंच बोलायची, आणि हेही घरी येऊन तसंच बोलायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांच्या घरात त्यांचंच चालायचं आणि त्यांचं देवीच्या पंचांगाप्रमाणे चालायचं.

माझं पहिलं मूल भूमला झालं. वेणा लांबल्या, आणि मूल आलं ते रडलंच नाही. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण माझी ओटी भरताना त्यांचा हात जरा आखडायचा. मला तो हात दिसायचा. म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी देवीला एकच गोष्ट मागितली. मुलगा नको, मुलगी नको, काळं गोरं काही नको, फक्त हे मूल जगू दे.

शाईची दौत

सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत नर्सबाई मंगळवारी गरोदर बायकांना तपासायच्या. मंगळवार अशासाठी, की तो बाजाराचा दिवस. खेड्यातल्या बायका भाजी, कोंबड्या आणि नवरा असं सगळं घेऊन गावात आलेल्याच असायच्या. नर्सबाईंचं नाव सुशीलाबाई. सोलापूरकडच्या, उंच, पांढरं पातळ, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पण पोटावर हात ठेवायच्या आधी तळहात एकमेकांवर घासून ऊन करून घ्यायच्या. मग लाकडी नळी पोटाला लावायची आणि दुसऱ्या टोकाला कान. खोली गप्प व्हायची. "आहे," एवढंच म्हणायच्या. त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर जीव मुठीत धरून असायचे.

पाय दाबून सूज बघायच्या, गोळ्या द्यायच्या, कधी दुधाची भुकटी द्यायच्या. सकाळची लघवी मात्र बाटलीतून न्यावी लागायची. पुजाऱ्याच्या घरात रिकामी बाटली कसली असणार? गुलाबपाण्याची. मी तीच घेतली. आत्याबाईंनी बघितलं, आणि देवाच्या बाटलीत असला प्रकार म्हणून सबंध दिवस माझ्याशी अबोला धरला. शेवटी यजमानांनी कचेरीतून शाईची रिकामी दौत आणून दिली. ती मी नीट विसळली नसावी. नर्सबाईंनी काचेच्या नळीत लघवी ओतली ती निळी निघाली. त्यांनी एकदा नळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि नवरा काय काम करतो असं विचारलं. त्या खोलीत मी हसल्याचं आठवतं.

आत्याबाईंना हे सगळे थेर वाटायचे. "आमी सात काडले," त्या म्हणायच्या, "कुनी नळी लावली न्हाय का बाटली मागितली न्हाय." त्या सातांतले चार हयात होते. हे मी मनात म्हणायचे, तोंडानं नाही.

दुखत नव्हतं

श्रावणात, सातव्या महिन्यात, मी सोप्यात तांदूळ निवडत बसले होते. बसल्या जागी ओलं लागलं. उठून बघितलं तर रक्त. लालभडक, आणि दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर निदान ओरडता आलं असतं. मी सूप बाजूला ठेवलं आणि आत्याबाईंना हाक मारली. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी गल्लीतल्या रखमा सुईणीला बोलावलं. तिनं मला निजवलं, पोटावरून हात फिरवला आणि हात काढून घेतला. मग ती आत्याबाईंना म्हणाली, "थोरल्या बाई, वेणा न्हाईत आन् रगत हाय. ह्यात म्या हात घालनार न्हाय. नर्सबाईला बोलवा." पान लावून ठेवलेलं होतं, तेही न घेता ती गेली. तिच्या त्या न घेतलेल्या पानानं मला रक्तापेक्षा जास्त घाबरवलं.

नर्सबाई आल्या. तपासून झाल्यावर बाहेर जाऊन त्यांनी घरच्यांना समजावलं, आणि दार उघडं असल्यानं मला सगळं ऐकू आलं. बाळाला पोसणारी वार वर असायला हवी ती खाली आली आहे, बाळाच्या वाटेवर, अगदी दाराशी बसली आहे. दार उघडायला लागलं की आधी ती फाटणार. मग आईचं रक्त जाणार आणि बाळाचा श्वास जाणार. कुणी पोट चोळायचं नाही, कुणी आत हात घालायचा नाही, एरंडेल द्यायचं नाही. बाळंतपण घरी होणार नाही, सोलापूरला होईल, बहुतेक पोट कापून. तिला आताच तिकडं न्या, असंही त्या म्हणाल्या.

यजमान म्हणाले, दसरा झाला की नेतो. ते काही टाळत नव्हते. नवरात्रात आमच्या घरातले पुरुष देवळातून हलत नाहीत, आणि घरच्या घटाचा दिवा आत्याबाईंच्या हातचा, त्याही उंबरा ओलांडत नाहीत, आणि थोरल्या जाऊबाईंना नवरात्राच्या स्वयंपाकातून सुटका नाही. सोलापूरला माझ्याजवळ बसायला कोण जाणार, हा खराच प्रश्न होता. भूमला माझी आई आजारी. नर्सबाईंनी विचार केला आणि कबूल झाल्या. पण पुन्हा रक्त दिसलं तर दसऱ्याची वाट बघायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी आतून विचारलं, "बाई, पडून राहायचं म्हणजे कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत," त्या म्हणाल्या.

खाटेवरून

मागच्या खोलीत मला खाट मिळाली. पायाकडच्या बाजूला विटा, म्हणून डोकं खाली आणि पाय वर. अशा अवस्थेत माणूस जेवतो तेव्हा घास वर चढतोय असं वाटतं. खोलीला एक झरोका होता आणि त्यातून समोरच्या घराची भिंत दिसायची. भिंतीवर काही घडत नसे. गल्लीतून मात्र सगळं ऐकू यायचं. कुंकवाच्या दुकानातली घासाघीस, संबळ, यात्रेकरूंची पोरं, कुणाची तरी हरवलेली चप्पल. माझ्या दारावरून अख्खं जग देवीला चाललं होतं आणि मला मोरीपर्यंत जायची सोय नव्हती.

लाजेचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. पडल्या पडल्या भांड्यावर जावं लागतं. पहिले दिवस मी जेवणच तोडलं, म्हणजे ती वेळच येऊ नये. नर्सबाईंना ते लगेच कळलं. त्यांनी मला एकटीला धरून सांगितलं की उपाशी राहून तू स्वतःला नाही, बाळाला शिक्षा देते आहेस. मग जेवले आणि भांडंही मागितलं. आत्याबाई आणि थोरल्या जाऊबाई दोघी सोवळ्यात असल्या की मागायचं कुणाकडं? एकदा कचेरीतून आलेल्या यजमानांनी मुकाट्यानं ते भांडं उचललं आणि मागच्या दारानं नेलं. परतताना समोर आत्याबाई. मुलाच्या हातातलं भांडं त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण दुसऱ्या दिवसापासून ते काम त्या स्वतः करू लागल्या आणि नंतर पुन्हा अंघोळ करून देवघरात जाऊ लागल्या. माझ्यामुळं त्यांना दिवसातून किती वेळा डोक्यावरून पाणी घ्यावं लागतंय हे मला आतून ऐकू यायचं. उपकाराच्या ओझ्यानं मी जास्तच दबून गेले.

चिडचिड व्हायची. यजमान संध्याकाळी दाराशी बसून कचेरीतल्या गमती सांगायचे. मला त्यांच्या पायांचा हेवा वाटायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही बसू नका, जा, तुम्हाला जाता येतं तर जा. ते गेले, आणि मग मला रडू आलं. रडताना पोट हलतं म्हणून रडूही आवरलं. नर्सबाई मधूनमधून येऊन नळी लावायच्या, आहे म्हणायच्या. तो शब्द ऐकला की पुढचे काही दिवस निभायचे.

निद्रा

भाद्रपदाच्या वद्य पक्षात, नवरात्राच्या आधी, आमच्या देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून मंचकावर निजवतात. आई झोपतात त्या दिवसांत आमच्या घरी कुणी खाटेवर किंवा गादीवर निजत नाही. तान्ह्यालासुद्धा घोंगडीवर घालतात. गल्लीत सगळ्यांना हे माहीत, त्यामुळं आता पुजाऱ्याच्या सुनेचं काय होतं याची उत्सुकता गल्लीलाही होती. मला धडकी भरली होती. नर्सबाई एक बोलणार, आत्याबाई दुसरं, आणि दोघींच्या मध्ये मी आडवी.

झालं काहीच नाही. नर्सबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, खाट असो की जमीन, पाठ टेकलेली असली म्हणजे झालं. पायाखाली वळकटी ठेवा. पाच मिनिटांत खाट बाहेर गेली आणि मी घोंगडीवर आले. आत्याबाईंच्या मनातला काटाच निघाला. त्यांच्या चेहऱ्यावर मी महिन्याभरात पहिल्यांदा समाधान बघितलं.

आणि मग एक बदल झाला. माझं पडून राहणं तोवर त्या घरात एक अडचण होती. आता त्याला अर्थ आला. तिकडं आई निजलेल्या, इकडं सून निजलेली. झोपलेल्या देवीची सेवा कशी करायची हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि ती सेवा मला मिळू लागली. भांडी आपटायची नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, दारापुढून पाय वाजवत जायचं नाही. आत्याबाई स्वतः माझे केस विंचरायच्या, अंग पुसून द्यायच्या. नर्सबाईंनी महिनाभर घसा कोरडा करून जे जमलं नव्हतं ते आता न सांगता होत होतं.

सुख होतं ते, नाही म्हणत नाही. पण माझ्या तोंडातला शब्दही गेला. शेजारच्या बायका येऊन पायाशी बसायच्या, एकदोघींनी तर माझ्या पायाला हात लावला. अशा वेळी पाठ मोडून आली, कंटाळा आला, या चार भिंती खायला उठतात, असं कुणाला म्हणणार? देवीला कंटाळा येतो का? आधी मला नुसतं पडून राहायचं होतं. आता शांत चेहऱ्यानं पडून राहायचं होतं.

त्या आठवड्यात नर्सबाई आल्या नाहीत. यात्रेची गर्दी सुरू झाली होती आणि पटकीची सुई टोचायला सरकारनं त्यांना गावाबाहेर नाक्यावर बसवलं होतं. येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूचा दंड त्यांच्यापुढं. त्यांनी निरोप धाडला होता, रक्त दिसलं तर मला नाक्यावर माणूस पाठवा. रक्त दिसत नव्हतं. सगळं बरं चाललं होतं.

प्रतिपदा

प्रतिपदेला पहाटे देवीला उठवून पुन्हा सिंहासनावर बसवतात, आणि मग घट बसतात. उजाडल्यावर सासरे देवळातून अभिषेकाचं तीर्थ घेऊन आले. आत्याबाई माझ्या खोलीत आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, कपाळभर कुंकू, चेहरा उजळलेला. त्यांनी माझ्या तोंडात तीर्थ घातलं आणि म्हणाल्या, "आई उठल्या. आता तूबी ऊठ."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या हिशेबानं माझंही पुरं झालं होतं. निजायचे दिवस होते, ते देवीनं संपवले. मी म्हटलं, नर्सबाईंना विचारायला हवं. त्या हसल्या. रक्त थांबून किती दिवस झाले, अंगावर कसा टवटवीतपणा आलाय, आणि नाक्यावर हजारो माणसं उभी असताना त्या बाईला काय विचारायचं? आज घट बसायचे, घरची लक्ष्मी निजलेली बरी दिसते का? त्या हे प्रेमानं म्हणत होत्या. रागावल्या असत्या तर मी अडून बसले असते. प्रेमापुढं कसं अडायचं हे मला त्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ऊठ हा शब्द ऐकून माझं अख्खं अंग त्याच्याकडं धावलं होतं.

त्यांनी आधार दिला. मी उभी राहिले. मोरीत बसून डोक्यावरून ऊन पाणी घेतलं. अंगणात आले तर ऊन पडलं होतं, खऱ्या उन्हात माझी सावली होती. गल्लीतून आई राजा उदो उदो चाललं होतं. मला इतका आनंद झाला की मी बाळाला मनातल्या मनात म्हटलं, बघ. यजमान देवळात होते, नाहीतर त्यांनी बहुधा अडवलं असतं.

घटाची माती कालवून ठेवली होती. आत्याबाईंनी मला पाटावर बसवलं आणि धान्य पेरायला सांगितलं. मी मूठ भरली. तेव्हाच खालून काहीतरी सुटल्यासारखं झालं. पाट भिजला. यावेळी थेंब नव्हते, धार होती. देवाच्या कामात रक्त म्हणजे केवढा विटाळ. माझ्या मनात सगळ्यात आधी तेच आलं, बाळ नंतर आलं. मी पाटावरून सरकायला लागले.

आत्याबाईंनी मला सरकू दिलं नाही. त्यांनी मला तिथंच, घटापुढं, आडवी केली, स्वतःच्या नव्या लुगड्याचा पदर फाडून माझ्या मांड्यांत कोंबला आणि दारात जाऊन सासऱ्यांना म्हणाल्या, नाक्यावर पळा. सोवळं, घट, माती, त्यांनी कशाकडं बघितलं नाही.

जीप

नर्सबाई टोचणीच्या जीपमधून आल्या. मला घोंगडीसकट उचलून मागं घातलं. शेजारी नर्सबाई, पायाशी यजमान, त्यांना कुणीतरी देवळातून ओढून आणलं होतं. सगळे रस्ते गावात येत होते आणि आम्ही एकटे गावाबाहेर चाललो होतो. समोरून ज्योती घेऊन माणसं पळत येत होती. जीप थांबायची, हॉर्न वाजायचा, माणसं वाट द्यायची, पुन्हा थांबायची. मी खाली पडलेली, मला फक्त ताडपत्री दिसत होती. माझी शुद्ध कुठं होती, कुठं नव्हती.

नर्सबाईंनी एकदाच विचारलं, "उठवलं कुणी?"

मी म्हटलं, "देवी उठली."

त्यांनी माझ्या मांड्यांतला बोळा बदलला. यजमानांनी त्यांना घरातला तो हिशेब सांगितला असावा, कारण बऱ्याच वेळानं, घाट उतरून गेल्यावर, त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या की मी नुसतं 'मी सांगेपर्यंत' असं म्हटलं, दिवस सांगायला हवा होता. मग नळी काढली आणि त्या हलत्या जीपमध्ये माझ्या पोटाला लावली. बराच वेळ लावून ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "आहे," त्या म्हणाल्या.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. तुम्हाला कुणी पडून राहा म्हटलं तर कोणत्या दिवसापर्यंत ते विचारा, आणि तो दिवस तुमच्या सासूला, जावेला, नवऱ्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारा. रक्त थांबलं म्हणजे दुखणं संपलं असं नसतं. उठवणारा दुष्टच असतो असंही नसतं. मला उठवणारीनं माझ्यावर माया केली होती. मायेला नाही म्हणायला शिका, ते सगळ्यात अवघड आहे.

दुधाची वाटी

सोलापूरला डॉक्टरीणबाईंनी पोट कापलं. मला रक्त लागलं ते यजमानांनी दिलं. त्यांनी ते घरी आजतागायत सांगितलेलं नाही, मला नर्सबाईंकडून कळलं. जाग आली तेव्हा पोटावर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं आणि कुणीतरी सांगत होतं, मुलगी आहे, जिवंत आहे.

जिवंत. मी तो शब्द धरून बसले, म्हणजे पडले. कारण पुन्हा तेच. टाके होते, रक्त इतकं गेलेलं की मान उचलली तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आणि बाळ माझ्याजवळ नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला एक उबदार खोली होती, तिथं तिला कापसात गुंडाळून ठेवलेलं. आणू नका, गार वारा लागेल, असा नियम. यावेळी मी कधीपर्यंत ते विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाके निघेपर्यंत.

सकाळी झाडलोट, मग चहा, मग डॉक्टरीणबाईंची फेरी. मग एक नर्स वाटी घेऊन यायची. मी पडल्या पडल्या दूध पिळून द्यायचे, ती वाटी झाकून घेऊन जायची आणि ड्रॉपरनं तिला पाजायची. माझं दूध व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं. मला जाता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं एकदा सहज म्हटलं, सातव्याचं तगतं बाई, आठव्याचं तगत नाही. माझा आठवा होता. तिला मी नंतर कधी उत्तर दिलं नाही, तिनं काहीही विचारलं तरी.

यजमान बाळाला काचेतून बघून यायचे. छान आहे म्हणायचे, आणि म्हणताना माझ्या पायाकडं बघायचे. एका सकाळी नर्स वाटी घ्यायला आली नाही. मी हाक मारली तर म्हणाली, आज दूध नको. छाती भरून आली होती, दुखत होती, चोळी भिजली होती.

त्याच दुपारी आत्याबाई आल्या. नवरात्र संपलेलं नव्हतं. नवरात्रात त्या वहाणा घालत नाहीत, तशाच अनवाणी आल्या होत्या. घटाचा दिवा थोरल्या जाऊबाईंच्या स्वाधीन करून त्या उंबरा ओलांडून, एसटीत बसून, आयुष्यात पहिल्यांदा नवरात्रात गावाबाहेर आल्या होत्या. खाटेशी खाली बसल्या.

"म्या उठवलं," त्या म्हणाल्या. "आईचा दिवस बगितला. तुजा बगितला न्हाय."

मला त्यांना समजवावंसं वाटलं नाही. मला त्यांचा राग आला होता, खूप आला होता, आणि त्यांच्याशिवाय त्या वेळी कुणी जवळ नको होतं. दोन्ही खरं आहे. त्यांनी विचारलं, पोर कशी हाय. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी अजून बघितलीच नाही.

त्यांनी मान वर केली. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. कुठं ठेवलीय, एवढं विचारून त्या उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या.

परत आल्या त्या हळूहळू चालत, पदराखाली दोन्ही हात धरून. मागं नर्स, तिच्या मागं दुसरी नर्स, दोघी दबक्या आवाजात ओरडत होत्या. आत्याबाईंनी मागं वळून बघितलं नाही. माझ्या खाटेशी येईपर्यंत त्या नर्सही गप्प झाल्या होत्या. मी बघितलं तसं मला राहवेना. मी कोपर टेकून उठायला लागले.

"उटू नको," आत्याबाई म्हणाल्या. "पडल्या पडल्या बग. म्या धरते."

त्या गुडघ्यावर बसल्या आणि पदर बाजूला केला. बाळाला माझ्या तोंडाजवळ धरलं. केवढीशी होती. कपाळावर बारीक केस होते, नखं पुरती आलेली नव्हती, ओठ निळे. श्वास घेत होती, मग थांबत होती, मग आठवल्यासारखा पुन्हा घेत होती. मी बोट लावलं. ती माझ्यापेक्षा ऊन होती.

"कानात नाव सांग तिच्या," आत्याबाई म्हणाल्या.

बारसं असं नसतं. त्याला पाळणा लागतो, बायका लागतात. मी नाव सांगितलं. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि पदर पुन्हा ओढून, आल्या तशाच हळूहळू, तिला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. माझे टाके त्यानंतर निघाले, आणि मला उठून बसवलं.